तळपाय-निर्धोक जिल्हा

तळेगिरी जिल्ह्यातल्या माणसांना पाय आहेत की नाहीत, याबद्दल २०३९ साली सरकारी खात्यांत एकमत नव्हतं. बांधकाम खात्याच्या मते होते, कारण त्यांनी सात किलोमीटर पदपथ बांधल्याचं लिहून ठेवलं होतं. आरोग्य खात्याच्या मते पाय असले तरी त्यांना तळवे नव्हते. चार वर्षांत एकाही तळव्याचं छायाचित्र खात्याकडे पोचलं नव्हतं. पदपथ कुणी पाहिले नव्हते आणि तळवे सगळ्यांनी पाहिले होते, पण त्यानं काही बिघडत नव्हतं.

आरोग्य खात्याच्या या मताला जबाबदार होते शशिकांत बोधले. माणूस निरुपद्रवी. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट साइज फोटोत जिवंत माणूस बारा दिवस होऊन गेल्यासारखा दिसावा, ही त्यांची खासियत. मोबाइलवरचे फोटो सरकारी अर्जांना चालायला लागले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. त्याच सुमारास जिल्हा रुग्णालयात एक यंत्र आलं. जाहिरातीत ‘छायाचित्रणाचा अनुभव’ एवढीच अट होती. संगणकाच्या पदव्या घेऊन आलेल्या सहाजणांना ‘जास्त शिकलेले’ म्हणून परत पाठवलं आणि बोधले यंत्रचालक झाले.

यंत्राचं नाव त्वग्दर्शी. आकारानं पिठाच्या गिरणीएवढं, रंगानं पांढरं, कमरेच्या उंचीवर हातभर काच. कातडीवरचा डाग काचेवर टेकवायचा आणि चाळीस सेकंद हलायचं नाही. आतले दिवे बारा रंगांत उजेड टाकत. वरची चकाकी गाळून भिंग कातडीच्या खालच्या थरापर्यंत बघे. मग संगणक मोजायला बसे: डागाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळतात का, कड सरळ आहे की फाटलेली, रंग किती, रंगाच्या रेघा कुठून कुठे जातात. हे सगळं तो नऊ लाख डागांच्या चित्रांशी ताडून बघे. इथपर्यंत यंत्र चोख होतं.

पण ती नऊ लाख चित्रं बहुतेक गोऱ्या माणसांची होती. त्यांच्यात काळ्या डागाचा कर्करोग उन्हानं भाजलेल्या पाठीवर आणि पोटऱ्यांवर उगवतो. आपल्या सावळ्या कातडीत तो नेमका ऊन न लागणारी जागा शोधतो: तळपाय, तळहात, नखांखाली. यंत्र बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी यंत्राला शिकण्याची सोय दिली होती. प्रयोगशाळेत पक्कं झालेलं प्रत्येक निदान त्याला भरवायचं. त्यावरून शरीराच्या कुठल्या जागी या जिल्ह्यात किती वेळा दुखणं निघतं, हे ते स्वतःच ठरवणार, आणि समोरच्या डागात जे दिसलं त्याला या अनुभवानं गुणणार. तळवे दाखवायला म्हणून सोबत एक उंच खुर्चीही दिली होती. तिच्यात बसलं की पाऊल बरोबर काचेवर येई.

यंत्र आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. गारगोटे. वैद्यकी सोडून इतर सर्व विषयांत त्यांना गती होती. त्यांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि पुढ्यात नारळ फोडला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी पहिलीच बाई आली ती टाचेचा डाग घेऊन. ती खुर्चीत बसली, पाऊल उचललं, आणि ते स्वस्तिकाच्या दिशेनं निघालेलं पाहून गारगोटे असे ओरडले की, बाई डागासकट पळाली.

खुर्ची गारगोट्यांच्या केबिनमध्ये गेली. यंत्रावर पाटी आली: ‘पवित्र यंत्रास पाय लावू नये.’ अक्षर बोधल्यांचं. वळणदार, खाली वेलबुट्टी.

पुढच्या वर्षी परिपत्रक आलं. यंत्राचा अहवाल लाल असल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरनं डागाला सुरी लावू नये; डॉक्टरच्या स्वतःच्या डोळ्यांना जे दिसतं ते ‘व्यक्तिनिष्ठ’ समजावं. म्हणजे काच पाय बघत नव्हती, आणि काचेनं बघितल्याशिवाय डॉक्टर बघत नव्हते. म्हाताऱ्याकोताऱ्या येत, काचेवर डोकं टेकत आणि समाधानानं घरी जात. यंत्राकडे एकतीस हजार कपाळं जमली. तळपायासमोर वार्षिक अहवालात दरवर्षी एकच शब्द येई: शून्य. किती जणांना तपासून शून्य, हे लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही आणि वाचणाऱ्यानं विचारलं नाही. चौथ्या शून्यानंतर राज्यानं तळेगिरीला ‘तळपाय-निर्धोक जिल्हा’ म्हणून जाहीर केलं. सतरा तारखेला पालकमंत्री येऊन मानपत्र देणार होते.

एक तारखेच्या सकाळी बोधल्यांची बायको मंदा मोरीत वजरीनं टाच घासत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्गात पंचेचाळीस पोरं आणि घरात एक नवरा, असा तिचा पट सेहेचाळिसाचा होता.

“अहो, हा डाग जाईना,” ती म्हणाली. “शाई म्हणून महिनाभर घासतेय.”

बोधले चहाचा कप घेऊन आले आणि वाकले. डाग बोरीच्या पानाएवढा. एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला काळाकुट्ट, मध्ये निळसर झाक. कड फाटलेली. चार वर्षांत पडद्यावर हजारो डाग पाहिलेल्या माणसाला हा डाग ओळखायला चाळीस सेकंदही लागले नाहीत.

“चपलेचा रंग असेल,” ते म्हणाले.

“चप्पल तांबडी आहे.”

बोधल्यांचा चहा गार झाला.

“तुमच्या देवाला दाखवा की,” मंदा म्हणाली. “का बायकोच्या पायाचा विटाळ होतो त्याला?”

बोधले केबिनमध्ये गेले तेव्हा गारगोटे मानपत्राचा मजकूर स्वतःच लिहीत होते. स्वतःबद्दल इतक्या आदरानं दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं.

“साहेब, टाचेला डाग आहे एक. काचेवर घ्यावा म्हणतो.”

गारगोट्यांनी पेन खाली ठेवलं. “बोधले, पालकमंत्री कशासाठी येतायत?”

“तळपायासाठी.”

“आणि पंधरा दिवस आधी तुम्ही मला तळपाय आणून दाखवता?”

“माझी बायको आहे, साहेब.”

“वहिनी?” गारगोटे कळवळले. कळवळणं त्यांना उत्तम जमे. “अहो, मग काळजी कसली? जिल्ह्यात नाहीच तो आजार. मी सहीनिशी कळवलंय. खोबरेल लावा म्हणावं. आणि परवाच माझ्या आईनं त्या काचेवर डोकं टेकलंय. त्याच जागी वहिनींचा पाय? तुम्हाला तरी बरं वाटेल का, सांगा.”

खरं सांगायचं तर बोधल्यांना बरं वाटलं नसतं. पाटी लिहिताना त्यांनी हात धुतले होते. पंचाईत ती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मंदाला बोलावलं. त्या तासात जिल्हा रुग्णालयात फक्त रुग्ण असत. गारगोटे घरी जेवायला गेले होते. बोधल्यांनी केबिनमधली उंच खुर्ची ओढत आणली. चार वर्षांत तिच्यात फक्त ठेकेदार बसले होते.

मंदा खुर्चीत चढली. आयुष्यभर नवऱ्याच्या देवभोळेपणाची टिंगल केलेल्या या बाईनं पाऊल उचललं, मध्येच थांबवलं, खाली वाकून काचेला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

“काय बघताय?” ती खेकसली. “सवय असते माणसाला.”

बोधल्यांनी जागा भरली: उजवा तळपाय. दिवे फिरले. चाळीस सेकंद गेले. पडदा हिरवा झाला.

‘धोका: शून्य.’

“बघा,” मंदानं श्वास सोडला. “उगाच माझा जीव घेतलात.”

बोधले मात्र पडदा खाली सरकवत होते. आधी डागाचं मोजमाप: दोन अर्धे न जुळणारे, रंग चार, रेघा कातडीच्या कंगोऱ्यांवरून धावणाऱ्या, सगळं वाईटातलं वाईट. मग स्थानिक अनुभव, जागा तळपाय: शून्य. आणि खाली गुणाकार.

त्यांनी तिला समजावलं. कशानंही गुणलं तरी शून्याचं शून्यच होतं, हे शिक्षिकेला समजवायला फार वेळ लागला नाही.

“म्हणजे,” मंदा सावकाश म्हणाली, “त्याला दिसतंय सगळं.”

“हो.”

“पण तुम्ही चार वर्षं एक पाय दाखवला नाहीत, म्हणून ते समजतं की पायाला काही होतच नाही. आमचे साहेब वर्गात पाऊल न टाकता ‘अध्यापन समाधानकारक’ लिहितात, तसं.”

“तसंच.”

“मग त्याला का शिव्या द्यायच्या? ते तुमच्याच शाळेत शिकलंय.” तिचा आवाज एवढा शांत होता की, बोधल्यांना तिची भीती वाटली. “आता माझं काय करता?”

बोधले काचेकडे बघत राहिले. तळपायाची कातडी आणि तळहाताची कातडी यंत्राच्या लेखी सख्ख्या बहिणी: दोन्ही जाड, दोन्ही बिनकेसांच्या, दोन्हींवर कंगोरे. आणि तळहातांचा अनुभव यंत्राला भरपूर होता. हात जोडायलाच असतात, तेव्हा काचेवर ठेवायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी जागा बदलली. उजवा तळहात. मंदाचं पाऊल तिथंच होतं. पडदा लाल झाला. ‘धोका: शहाण्णव टक्के.’

दोघांनाही आनंद झाला आणि लगेच दोघांनाही कसंसंच झालं.

डॉ. शहनाज बागवान या रुग्णालयातल्या त्वचेच्या सर्जन. बोलणं कमी, सुरी धारदार. परिपत्रकानंतर दोन्ही बोथट होत चालली होती. त्यांनी लाल अहवाल वाचला, मंदाचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“लग्न होतं का घरात?”

“भाचीचं. परवा झालं,” मंदा म्हणाली.

“मेंदी छान रंगलीय. कोपरापर्यंत.” मग बोधल्यांकडे न बघता, “फोटोतल्या तळहाताला मेंदी नाही, बोधले. स्टुडिओ चालवत होतात ना तुम्ही?”

बोधल्यांची नजर मंदाच्या उजव्या चपलेवर गेली.

“चप्पल काढा, ताई.”

बाईंनी साधं भिंग घेऊन टाच पाहिली आणि भिंग टेबलावर ठेवलं.

“चार वर्षांत असे अकरा तळवे आले माझ्याकडे. अकराही वेळा मी त्यांना तुमच्या खोलीकडे पाठवलं. ते तुमची पाटी वाचून परत गेले. चौघं पुण्याला गेले. तिघी अजून गावात आहेत. बाकीच्यांचं विचारू नका.”

“मॅडम, मला माहीत नव्हतं...”

“मला होतं,” बाई म्हणाल्या. “मी सुरी उचलली नाही. परिपत्रक होतं, नोकरी होती. तेव्हा तुम्ही रडायचं काम नाही. रांगेत मी तुमच्या पुढे आहे.” त्यांनी कागद बोटानं टोकरला. “आता हा म्हणतो, हात कापा. काय करू?”

“कागद हाताचा राहू द्या, मॅडम. पाय कापा.”

“कापा काय, कापा?” मंदा भडकली. “डाग काढा म्हणा. लाकूड आहे का मी?”

बागवानबाई चार वर्षांत प्रथमच हसल्या. संमतिपत्रावर लिहिलं होतं, उजव्या हाताची शस्त्रक्रिया. मंदानं त्यावर उजव्या हातानं सही केली आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

डाग निघाला. आजूबाजूची कातडी निघाली. प्रयोगशाळेचा निकाल सोळा तारखेला संध्याकाळी आला: कर्करोग, पक्का, पण अजून वरच्याच थरात, कडा साफ. आणखी सहा महिने खोबरेल लावलं असतं, तर निकाल वाचायला फक्त बोधले उरले असते. प्रयोगशाळेलाही हात की पाय ते कळलं नव्हतं. त्यांनी पाकिटावरचं उतरवून घेतलं होतं: तळहात.

बोधले धावत घरी आले. मंदा खाटेवर, पाय उशीवर. बातमी ऐकून तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, नवऱ्याचा हात घट्ट धरला. हे सगळं दोन मिनिटं टिकलं.

“आता हे वाचा,” तिनं उशीखालून शाळेचं पत्र काढलं. वैद्यकीय दाखल्याप्रमाणे श्रीमती बोधले यांनी सहा आठवडे उजव्या हातानं लिहू नये. चालण्या-फिरण्यास हरकत नाही. सबब त्यांना घरोघरी जाऊन कुटुंब-सर्वेक्षण करण्याचं काम देण्यात येत आहे. घरं चारशे.

“मी फोन केला,” मंदा म्हणाली. “म्हटलं, सर, पायाला चौदा टाके आहेत. म्हणाले, बाई, कागदावर तुमचा पाय ठणठणीत आहे. हाताला जपा.”

बोधल्यांना हसू आलं. तिला नाही आलं.

“हसता काय? मी चारशे घरं नाही फिरले, तर फार तर मेमो मिळेल. पण त्या तिघी गावात आहेत म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई? त्यांच्याही घरी त्यांचा पाय कागदावर ठणठणीतच असेल. उद्या यंत्राला माझा निकाल भरवताना काय लिहिणार आहात?”

“हात लिहिलं तर कुणाला काही कळणार नाही.”

“हो. कुणालाच काही कळणार नाही,” मंदा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सतरा तारखेला आवारात मांडव होता. मंचामागे मोठा पडदा. त्यावर त्वग्दर्शीचे आकडे थेट दिसत होते, कारण पारदर्शकता हा गारगोट्यांचा आवडता विषय होता. ‘तळपाय: आढळ शून्य’ ही ओळ त्यांनी मुद्दाम सोनेरी करून घेतली होती. मंत्री यायच्या आधी ते नव्या जाकिटात यंत्राच्या खोलीत डोकावले.

“हाताची आणखी एक केस निघाली म्हणे? छान. म्हणजे वाईटच, पण छान. हात पुढच्या वर्षी घेऊ. शाळांतून हातमोजे वाटू. वहिनींना नमस्कार सांगा.”

ते गेले. बोधल्यांनी प्रयोगशाळेचा कागद समोर ठेवला. दाराबाहेर बाकावर तीन बायका येऊन बसल्या होत्या. बागवानबाईंनी त्यांना सकाळीच निरोप धाडले होते. तिघींनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. दर्शनाला आल्यासारख्या.

यंत्रानं विचारलं: जागा? बोधल्यांनी भरलं, उजवा तळपाय. यंत्रानं पुन्हा विचारलं: ‘या जिल्ह्यात या जागी पूर्वी आढळ नाही. नक्की?’ खात्यातल्या कुणीही चार वर्षांत न विचारलेला प्रश्न होता. बोधल्यांनी होय दाबलं.

मांडवात त्या वेळी पालकमंत्री भाषण करत होते. “या जिल्ह्यानं देशाला दाखवून दिलं आहे...” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यामागच्या सोनेरी ओळीत शून्याचा एक झाला. मंत्री मागे बघत नसत, त्यामुळे ते बोलत राहिले. समोरचे दोन हजार लोक मात्र पडद्याकडे बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. आकडा वाढला की टाळ्या वाजवायच्या, एवढं लोकांना ठाऊक होतं. गारगोटे मंचावरून उतरले आणि पळत सुटले.

खोलीत पहिली बाई खुर्चीत बसली होती. गोदाबाई, चिंचा विकणारी, साठीची. तळव्याच्या मधोमध दोन वर्षांचा डाग. तिनं पाय पोटाशी ओढून धरला होता.

“नको रे बाबा. देवाला पाय कसा लावू?”

“देव नाही, मावशी. कॅमेरा आहे,” बोधले म्हणाले. “मी फोटोवाला. हलायचं नाही, एवढंच.”

त्यांनी तिची टाच दोन्ही हातांत धरली आणि तळवा हळूच काचेवर टेकवला. कातडी खडबडीत होती आणि गार होती. दिवे फिरायला लागले.

दार धाडकन उघडलं. गारगोट्यांना धाप लागली होती. काचेवरचा पाय बघून ते आधी त्यासाठीच ओरडले. पडद्यावरच्या आकड्याची आठवण त्यांना नंतर झाली.

“बोधले! काय मांडलंय हे? तुम्ही आत्ताच्या आत्ता निलंबित! मंत्र्यांसमोर... जिल्ह्याचं नाव... आणि पाय! यंत्राला पाय!”

“हळू बोला, साहेब. चित्र हलतं.”

गारगोट्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या आदेश लिहिला. घाईत त्यांना एकच गुन्हा सुचला: शासकीय यंत्रास पाय लावून विटंबना केली. खोटी जागा भरणं, परवानगी न घेणं, जिल्ह्याचं मानपत्र घालवणं, यातलं काहीच त्यात नव्हतं. त्यांनी सही ठोकली आणि कागद बोधल्यांच्या नाकासमोर धरला.

चाळीस सेकंद संपले. पडदा लाल झाला. दोन वर्षांपूर्वी व्हायला हवा होता तेवढा लाल. बोधल्यांनी अहवाल छापला आणि गोदाबाईच्या मुठीत दिला. “हा घेऊन समोरच्या बागवानबाईंकडे जायचं, मावशी. सरळ आत. कुणी अडवलं तर हा लाल रंग दाखवायचा.”

मग त्यांनी काच फडक्यानं पुसली आणि गारगोट्यांकडे वळले.

“पोचेची सही करतो, साहेब. दोघी राहिल्यात, तेवढ्या होऊ द्या.”

आणि दाराकडे बघून म्हणाले, “या, पुढच्या कोण?”